मावशींचं ताट अजून तुमच्याकडेच आहे

पत्र:

"आम्ही ठाण्यात राहतो. चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर, मूळचे नगर जिल्ह्यातले. माझे दीर दोन वर्षांपासून एका नव्या फेलोशिपला जातात. त्यांच्याकडे शेवटल्या काळाचा एक मोठा रंगीत तक्ता आहे. ते म्हणतात, इस्राएल हे देवाचं घड्याळ आहे, त्याकडे बघितलं की किती वाजलेत ते कळतं. माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. गाझाच्या बातम्या बघून तो पेटून उठतो आणि म्हणतो, यहुद्यांचा देवाशी झालेला करार केव्हाच संपला, आता मंडळी, म्हणजे चर्च, हाच खरा इस्राएल. जेवायला बसलं की दोघांची जुंपते.

आमच्या शेजारी बेने इस्राएल या मराठी यहुदी समाजातल्या एक मावशी राहतात. गेल्या महिन्यात त्या मलिद्याचं ताट घेऊन आल्या, तेव्हा दीर घरात होते. ते म्हणाले, 'मावशी, तुम्ही अजून इथंच? तुम्ही लोक परत गेल्याशिवाय आमचा प्रभू यायचा नाही.' मावशी म्हणाल्या, 'म्हणजे मी तुमच्या घड्याळाचा काटा होय?' आणि निघून गेल्या. त्यानंतर आल्याच नाहीत. बायबल या विषयावर खरंच काय शिकवतं? आणि मी आता काय करू?"

एक भगिनी, ठाणे

उत्तर:

ताई, नमस्कार.

आधी एक कबुली देतो, म्हणजे दिरांवर रागावून लिहितोय असं वाटणार नाही. 1991 साली आखाती युद्ध पेटलं तेव्हा मी नवा नवा पाळक होतो. तरुण संघाच्या सभेत फळ्यावर खडूनं नकाशा काढला, बगदादला बाण, यरुशलेमला बाण, आणि सद्दाम हुसेन बाबेल पुन्हा बांधतोय म्हणजे प्रकटीकरणातलं बाबेल हेच, असं ठासून सांगितलं. पोरं श्वास रोखून ऐकत होती. त्यातल्या एकानं बारावीचा फॉर्मच भरला नाही, शेवट आलाच आहे तर परीक्षा कशाला म्हणून. त्याची आई माझ्याकडे आली तेव्हा भांडली नाही, नुसती बसून राहिली. युद्ध महिना-दीड महिन्यात संपलं. फळा मी पुसला, पण त्या मुलाचं वर्ष गेलं ते गेलंच. तेव्हापासून या विषयावर बोलताना मी तक्त्याऐवजी पुस्तक उघडतो.

दिरांच्या हातातला तक्ता प्रेषितांनी काढलेला नाही. त्याची आखणी बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. जॉन नेल्सन डार्बी (1800–1882) नावाचे आयर्लंडच्या अँग्लिकन मंडळीतले एक धर्मसेवक पुढे प्लिमथ ब्रेदरन या गटाचे पुढारी झाले. इस्राएलासाठी देवाची एक योजना आणि मंडळीसाठी दुसरी, असा त्यांनी काटेकोर भेद केला. दानीएलाच्या नवव्या अध्यायातल्या सत्तर सप्तकांपैकी (एक सप्तक म्हणजे सात वर्षं) एकोणसत्तर झाली, मग घड्याळ थांबलं. मंडळीचा काळ मधल्या रिकाम्या जागेत. एक दिवस मंडळी वर उचलली जाईल, घड्याळ पुन्हा सुरू होईल आणि शेवटचं सप्तक म्हणजे सात वर्षांचं महासंकट येईल. ही शिकवण अमेरिकेत सर्वांत जास्त पसरली ती 1909 साली निघालेल्या स्कोफिल्ड यांच्या संदर्भ बायबलमुळे. त्यात पानाच्या वरच्या भागात वचन आणि खाली बारीक टाइपात टिपा. वाचणाऱ्याची नजर वरून खाली, खालून वर फिरत राहिली आणि काही वर्षांत लोकांना टीप कुठली नि वचन कुठलं हेच आठवेना. दिरांना सहज विचारून बघा, 'मधे दोन हजार वर्षांची रिकामी जागा' हे दानीएलात कुठं लिहिलंय? ते शोधतील. सापडणार नाही, कारण ते टिपेतलं आहे.

याचा अर्थ दीर म्हणतात ते सगळं खोटं असं नाही. यहेज्केलाच्या 36 आणि 37व्या अध्यायात देव विखुरलेल्यांना गोळा करून त्यांच्या भूमीत आणीन असं म्हणतो. साठ लाख यहुदी मारले गेल्यानंतर तीनच वर्षांनी, 1948 मध्ये, तिथं राष्ट्र उभं राहिलं. वाळलेल्या हाडांचा तो अध्याय वाचताना ज्याच्या अंगावर काटा येत नाही त्यानं तो नीट वाचला नाही, असं मी म्हणेन. डार्बीच्या कितीतरी आधी इंग्लंडातले प्युरिटन लोकही यहुद्यांसाठी आशेनं प्रार्थना करत होते. पण अंगावर काटा येणं वेगळं आणि त्यावरून वेळापत्रक मांडणं वेगळं. यहेज्केलाच्या 38व्या अध्यायातला, इस्राएलावर चालून येणारा गोग कोण? चौथ्या शतकात मिलानच्या अँब्रोज यांना तो गॉथ टोळ्यांत दिसला, सोळाव्यात ल्यूथर यांना तुर्कांत, विसाव्यात अनेकांना रशियात. ज्या काळी ज्याची धास्ती, तो गोग. आणि खुद्द शिष्यांनी प्रभूला विचारलं होतं, इस्राएलाचं राज्य आताच पुन्हा उभं करणार का म्हणून. प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय. प्रभूनं प्रश्न मूर्खपणाचा ठरवला नाही, पण काळ-वेळ जाणून घेणं तुमच्याकडे नाही असं साफ सांगून त्यांना कामाला लावलं.

तक्त्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी या शिकवणीच्या व्हिडिओत फारशी सांगत नाहीत. जखऱ्याच्या 13व्या अध्यायात देशातले दोन भाग नाहीसे होतील आणि तिसरा उरेल असं वचन आहे. हे वचन अजून घडायचं आहे असं मानणारे पुष्कळ शिक्षक महासंकटात दोन तृतीयांश यहुदी मरतील असा त्याचा अर्थ लावतात. आता मावशींच्या जागी बसून ऐका. 'तुम्ही परत जा' म्हणणारा माणूस मनात कुठला तक्ता धरून बोलतोय? तिथं जा, तिथं तुमच्यातले तिघांतले दोघे मरतील, मग उरलेले आमचं ऐकतील आणि आम्ही वरून बघत असू. दिरांच्या मनात असं काही नसणार, याची मला खात्री आहे. त्यांना यहुद्यांबद्दल खरंच प्रेम असेल. पण काट्यावर प्रेम करणारा शेवटी वेळच बघत असतो, आणि मावशींनी ते एका वाक्यात पकडलं.

मुलाच्या बाजूला येतो. ती दिरांच्या शिकवणीपेक्षा खूप जुनी आहे आणि तिच्यामागे वचनंही आहेत. ख्रिस्ताचे असाल तर अब्राहामाचे संतान आहात, असं पौल गलतीकरांना लिहितो. निर्गमात सीनायपाशी इस्राएलाला दिलेली 'याजकांचे राज्य, पवित्र राष्ट्र' ही बिरुदं पेत्र आपल्या पहिल्या पत्रात मंडळीला लावतो. दुसऱ्या शतकातले जस्टिन मार्टर आम्हीच खरा इस्राएल असं लिहून गेले. इथवर शिकवण आहे. पण 'आम्हीही'चं 'आम्हीच' झालं की पुढं काय होतं, तेही मुलाला माहीत असू द्या. जॉन क्रिसोस्टम, ज्यांना आपण सुवर्णमुख म्हणून गौरवतो, त्यांनी 386–387 च्या सुमारास अंत्युखियात यहुद्यांविरुद्ध आठ प्रवचनं दिली. ती आज मोठ्यानं वाचवत नाहीत. ल्यूथर यांनी 1523 मध्ये येशू जन्मानं यहुदी होता, यहुद्यांशी मायेनं वागा असं लिहिलं. वीस वर्षांनी, 1543 मध्ये, त्याच लेखणीतून यहुद्यांची सभास्थानं जाळा आणि घरं पाडा असा सल्ला उतरला. वीस वर्षांत यहुदी आपल्या मंडळीत आले नाहीत, हा त्यांचा राग. माणसं आपल्या अपेक्षेप्रमाणे वागली नाहीत की प्रेम किती टिकतं, हे दिरांनीही वाचावं असं आहे. रोमन कॅथलिक मंडळीनं 28 ऑक्टोबर 1965 रोजी, व्हॅटिकन परिषदेच्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात, ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही आणि ते देवानं नाकारलेले किंवा शापित आहेत असं शिकवू नये, असं स्पष्ट म्हटलं. एवढं म्हणायला एकोणीस शतकं लागली.

आता तुमचा खरा प्रश्न, बायबल काय शिकवतं. ताई, रोमकरांस पत्राचा 11वा अध्याय आज रात्री मोठ्यानं वाचा, पण त्याआधी तो कुणासाठी लिहिला ते डोळ्यांसमोर आणा. क्लौद्य कैसरानं यहुद्यांना रोममधून घालवून दिलं होतं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे तसे निघालेले एक दांपत्य, कृत्यांच्या 18व्या अध्यायात करिंथात पौलाला भेटतं. क्लौद्य 54 साली मेला, लोक हळूहळू परतले, आणि पौलानं हे पत्र साधारण 57 च्या सुमारास लिहिलं तेव्हा अक्विल्ला-प्रिस्किल्ला पुन्हा रोममध्ये होते. 16व्या अध्यायात त्यांना सलाम आहे. मधल्या वर्षांत तिथली मंडळी परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनीच चालवली असणार. आता मूळचे लोक परत दारात उभे. ज्यांच्या घरात आपण भाडेकरू म्हणून आलो ते मालकच परत आले, आणि आपण तर पडदेसुद्धा बदललेत. अनेक अभ्यासकांच्या मते पौल बोलतोय तो या अवघडलेपणाशी, आणि मला ते पटतं.

म्हणून तो कलमाचा दाखला देतो. आपल्याकडच्या बागाईतदाराला विचारा, कलम कसं बांधतात. रायवळ आंब्याचा खुंट घ्यायचा आणि त्यावर हापूसची काडी बांधायची. खाली रांगडं मूळ, वर गोड फळ. पौल नेमकं उलटं सांगतो. घरच्या जोपासलेल्या जैतुनाच्या झाडावर रानटी जैतुनाची फांदी बांधली! म्हणजे हापूसच्या झाडावर रायवळाची काडी. कुठला शेतकरी हे करील? पौलालाही ते ठाऊक आहे, तो 24व्या ओवीत 'निसर्गाविरुद्ध' असंच म्हणतो. ही रानटी काडी म्हणजे तुम्ही, मी, दीर आणि तुमचा मुलगा. आणि तिला तो बजावतो की मोडलेल्या फांद्यांपुढं, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास न ठेवलेल्या यहुद्यांपुढं, फुशारकी मारू नकोस; तू मुळाला धरून ठेवलेलं नाहीस, मूळ तुला धरून आहे.

देवानं आपल्या लोकांना टाकलं का, या प्रश्नानं अध्याय सुरू होतो आणि उत्तर लगेच येतं, कदापि नाही. हे मुलासाठी. मोडलेल्या फांद्या पुन्हा आपल्याच झाडावर कलम होतील, परराष्ट्रीयांचा भरणा होईपर्यंत इस्राएलाचा काही भाग कठीण झालेला आहे, आणि मग 'सर्व इस्राएल' तारला जाईल. हे 'सर्व इस्राएल' म्हणजे कोण, यावर मोठमोठ्या माणसांचं एकमत नाही. कॅल्विन म्हणतात यहुदी आणि परराष्ट्रीय मिळून देवाचे सगळे लोक, बाकीचे कितीतरी म्हणतात शेवटच्या काळातलं एकूण यहुदी राष्ट्र. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, कारण आधीच्याच ओवीत 'इस्राएल' म्हणजे यहुदी लोक असताना पुढच्या ओवीत शब्दाचा अर्थ बदलावा हे मला ओढूनताणून वाटतं. 28 आणि 29व्या ओव्या तर मुलानं पेन्सिलनं खुणा करून ठेवाव्यात: पूर्वजांमुळे ते प्रियच आहेत, आणि देव आपली कृपादानं नि पाचारण माघारी घेत नाही.

पण दिरांसाठी सर्वांत महत्त्वाचं हे की पौल या सगळ्याला 'रहस्य' म्हणतो आणि ते कशासाठी सांगतो तेही लिहितो: तुम्ही स्वतःला शहाणे समजू नये म्हणून. अध्याय कशावर संपतो? तक्त्यावर नाही, तारखेवर नाही. देवाच्या बुद्धीची खोली किती अगाध, त्याचे मार्ग कोण शोधून काढणार, अशा स्तुतिगीतावर. जी शिकवण ऐकून माणूस शेजाऱ्यापुढं ताठ होतो, ती कितीही वचनांनी मढवलेली असली तरी या अध्यायाच्या उलट गेली, असं मी बेधडक म्हणतो. 'आम्हाला वेळ कळते' हा ताठा दिरांचा आणि 'तुमचं संपलं' हा मुलाचा.

गाझाबद्दल मुलाचा जीव तुटतो, तो तुटू द्या. निवडलेपण म्हणजे जाब न विचारण्याचा परवाना, असं एकाही संदेष्ट्यानं म्हटलेलं नाही. आमोस 3:2 मध्ये देव म्हणतो की पृथ्वीवरच्या कुळांपैकी मी तुम्हांलाच ओळखलं, म्हणूनच तुमच्या अन्यायांची झडती घेईन. नवव्या अध्यायात तर तो विचारतो, इस्राएलाला मिसरातून आणलं तसं पलिष्ट्यांना कफतोराहून मीच नाही का आणलं? 'अब्राहामाला आशीर्वाद देणाऱ्यांना मी आशीर्वाद देईन' हे उत्पत्ति 12:3 दीर रोज ऐकवत असतील. त्यांना ती ओवी शेवटपर्यंत वाचायला सांगा, पृथ्वीवरची सगळी कुळं तिच्यात येतात. बेथलेहेमात आजही अरबी भाषेत प्रभूची प्रार्थना म्हणणारी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. 2006 साली यरुशलेमच्या लॅटिन कुलगुरूंसह (रोमन कॅथलिकांचे तिथले धर्मप्रमुख) तिथल्या चार मंडळीप्रमुखांनी असल्या तक्तेवाल्या शिकवणीला जाहीर नकार दिला, कारण तिचा भार त्यांच्याच लोकांच्या अंगणात पडतो. एखाद्या सरकारच्या बाँबगोळ्यांवर टीका करायला रोमकरांचा 11वा अध्याय आड येत नाही. मात्र त्या रागात 'देवानं यहुद्यांना टाकलं' हे वाक्य आलं की मुलगा सरकारबद्दल बोलत नाही, तो भिंतीपलीकडच्या मावशींबद्दल बोलतोय.

आणि मावशींबद्दल तर आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी जरा जपूनच बोलावं. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेली सात जोडपी, अशी त्यांची परंपरा आहे. कोकणातल्या गावोगावी ते घाणा चालवत, शनिवारी बंद ठेवत, म्हणून शनवार तेली. पवित्र ग्रंथ हाताशी नसतानाही शब्बाथ पाळला, सुंता पाळली, शेमा या प्रार्थनेचे शब्द तोंडी जपले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशन आणि नंतर डॉ. जॉन विल्सन यांच्यासारखे स्कॉटिश मिशनरी त्यांच्यात शाळा घेऊन गेले, मराठीतला जुना करार आणि हिब्रूचे धडे दिले. आशा अशी की हे ख्रिस्ताकडे वळतील. झालं असं, की मोशे आणि यशया मायबोलीत वाचून बहुतेक बेने इस्राएल अधिकच पक्के यहुदी झाले. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्या लोकांनी दिलेलं पुस्तक त्यांनी आपल्याहून नीट वाचलं.

'परत जा' हेही त्यांना नवं नाही. 1948 नंतर हजारो बेने इस्राएल खरंच गेले. तिथं काय झालं? 1962 मध्ये तिथल्या प्रमुख रब्बीमंडळानं लग्न लावण्याआधी त्यांच्या वंशावळी तपासायचे आदेश काढले, तुम्ही पुरते यहुदी आहात का म्हणून. लोक यरुशलेमात आंदोलनाला बसले, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं ते सर्वार्थानं यहुदी आहेत असा ठराव केला. मावशींचे भाऊ, नणंदा, भाचे तिकडं असतील. त्या इथं राहिल्या त्याला त्यांची कारणं असतील. संसार, पेन्शन, शार हाशामायीम सिनेगॉगमधली ठरलेली जागा, किंवा नुसतं ठाणं आवडतं म्हणून. जायचं की राहायचं हे माणूस भविष्यवाणीच्या सोयीनं ठरवत नाही.

मग तुम्ही काय करायचं? दिरांशी सगळ्यांसमोर वाद घालू नका, नव्या शिकवणीतला माणूस चारचौघांत हरायला तयार नसतो. त्यांना एकट्यांना गाठा आणि एवढंच म्हणा, 'भाऊजी, मावशी दुखावल्यात, चला दोघं जाऊन येऊ.' तक्ता बरोबर की चूक हा वाद त्यानंतर वर्षभर चालू द्या. ते नाही आले तर तुम्ही एकट्या जा. मुलाला न्या. सुवार्तेचं पत्रक नेऊ नका. आपण येशूला ख्रिस्त मानतो हे मावशींना ठाऊक आहे, ते लपवायचंही नाही. पण माफी मागायला गेलेल्या माणसानं पिशवीत दुसरं काही ठेवू नये. 'त्या दिवशी आमच्या घरात तुमचा अपमान झाला, चूक आमची' एवढं पुरे. 'त्यांना तसं म्हणायचं नव्हतं' हे शेपूट जोडू नका, त्यांना तसंच म्हणायचं होतं. मग मावशी बोलतील तसं बोला. मलिदा कशासाठी होता ते त्या दिवशी विचारायचं राहून गेलं असेल. संदेष्टा एलीयाचं नाव घेऊन तो करतात. नवस फिटला असेल, नातवाचं लग्न ठरलं असेल. तुमच्या दारात त्या आपल्या आनंदाचा वाटा घेऊन आल्या होत्या, तो काय होता हे अजून तुम्हाला माहीत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी जाऊ नका, शब्बाथाचे दिवे लावायची वेळ असते. रविवारी उपासनेहून परस्पर जा. आणि ताट रिकामं नेऊ नका. केक वगैरे नको, त्यात काय घातलंय, खायला चालेल की नाही, अशी त्यांना उगाच अडचण. सरळ फळं न्या. मलिद्याच्या ताटात पोह्यांबरोबर फळं असतातच, तेव्हा तेच ताट फळांनी भरून परत गेलं की मावशींना काय ते कळेल. आंबे मिळाले तर बघा. रायवळ मिळाले तर अधिक चांगलं.